अडीच तासांचा रस्ता

खेळ आणि मी यांचा संबंध तसा दूरचाच. शाळेच्या क्रिकेट संघात एकदा मला बारावा गडी म्हणून घेतले होते. पण त्या दिवशी आमचे अकराच्या अकरा गडी ठणठणीत राहिले, आणि माझे पाय मैदानाला लागले ते फक्त पाणी नेताना. तेव्हापासून कडेला बसून दुसऱ्याचा खेळ पाहायचा, एवढीच माझी क्रीडासाधना. या सदरात मी आजवर भाषेवर लिहिले, उत्तरपत्रिकांवर लिहिले, शेजाऱ्यांवर लिहिले (आणि त्याचे परिणामही भोगले). खेळावर मात्र कधी लेखणी उचलली नाही. ती आज उचलतो आहे, आणि तीही अशा खेळावर, की जो आपल्या देशात लडाखसारखा थंड मुलूख सोडला तर फारसा कोणी खेळत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्याचे असे झाले. २०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते. लग्न होऊन ती तिकडे गेल्यापासून आमची भाऊबीज टपालाने, पुढे बँकेने आणि अलीकडे तर टेलिफोनच्या पडद्यावर होत आली होती. इतक्या वर्षांनी प्रथमच मी तिच्या घरी पाटावर बसलो. तिने ओवाळले. मी खिशातून पाकीट काढले. ती म्हणाली, "दादा, पाकीट राहू दे. तू आयुष्यभर पोरांना शिकवतोस ना? मग माझ्या पोराला जरा समजाव. तीच माझी ओवाळणी."

पोर म्हणजे माझा भाचा. वय वर्षे सतरा, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, आणि मराठी बोलतो ती आईच्या माहेरची, अगदी सदाशिव पेठी. हा मुलगा वयाच्या सहाव्या वर्षापासून बर्फावरची हॉकी खेळतो, आणि त्यातही गोलरक्षक. शाळा संपल्यावर सरळ कॉलेजात न जाता दुसऱ्या राज्यातल्या एका कुमार संघाकडून दोन वर्षे खेळायचे, असे त्याने ठरवले होते. तिथे या मुलांची सोय गावातल्या कुटुंबांत करतात. एखादे घर मुलाला ठेवून घेते, जेवूखाऊ घालते, आणि मुलगा हॉकी खेळतो.

"हे काय वय आहे का वार लावून जेवायचं?" बहीण म्हणाली. आमच्या आजोबांनी पुण्यात वार लावून जेवून शिक्षण केले, ही कथा आमच्या घरात पोथीसारखी वाचली जाते. "आजोबा निदान शिकायला गेले होते. हा कशासाठी जाणार? खेळायला!"

मेहुणे यावर काही बोलले नाहीत. ते चकलीचे तुकडे करीत राहिले. घरात वाद किती दिवस चालला असावा, हे मला त्या तुकड्यांवरून कळले.

समजावण्याचे काम मी आनंदाने पत्करले. माझ्याजवळ एक हुकमी साधन होते, ते म्हणजे आकडे. मी मनाशी म्हटले, मुलगा हुशार आहे, गणित दाखवले की पटेल. आणि भाच्यानेच संधी आणून दिली. "मामा, शनिवारी हर्शीला सामना आहे, येतोस?" मी लगेच हो म्हणालो. जाता-येता मोटारीत शिकवणी घेता येईल, असा माझा बेत.

वाटेत मी सुरुवात केली. "काय रे, त्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये संघ किती?"

"बत्तीस."

"एका संघात माणसं?"

"तेवीस. सामन्याला उतरतात वीस. त्यातले गोलरक्षक दोन, आणि दोघांपैकी खेळतो एक." एवढे सांगून तो माझ्याकडे बघून हसला. "मामा, तुला बेरीज करून देऊ का? बत्तीस दुणे चौसष्ट. सगळ्या जगात माझ्या कामाच्या चौसष्ट जागा आहेत. आणि त्यातल्या खऱ्या बत्तीसच."

चौसष्ट कला ऐकल्या होत्या; चौसष्ट नोकऱ्या प्रथमच ऐकत होतो. मी बाहेर काढायच्या आधीच माझे हुकमी साधन त्याने माझ्या हातातून काढून घेतले होते. उरलेल्या वाटेवर शिकवणी झाली ती माझी.

त्याने सांगितले ते असे. ही वरची लीग, नॅशनल हॉकी लीग, १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झाली. दर वर्षी तिचे बत्तीस संघ अठरा वर्षांच्या आणि थोड्या मोठ्या मुलांमधून निवड करतात. सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत बत्तीस, म्हणजे दोनशे चोवीस नावे. पण नाव पुकारले गेले म्हणजे मुलगा वर पोहोचला असे मुळीच नाही. बहुतेकांची रवानगी खालच्या पायरीवर होते. ती पायरी म्हणजे अमेरिकन हॉकी लीग, १९३६ पासूनची. तिच्यातही बत्तीस संघ, आणि वरच्या एकेका संघाला खालचा एकेक संघ जोडलेला. त्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे. हर्शीचा संघ मधल्या पायरीवरचा. त्याचा वरचा संघ वॉशिंग्टनचा.

"हर्शीहून वॉशिंग्टन किती लांब?" मी विचारले.

"दोनशे किलोमीटर. अडीच तास लागतात." आपल्या पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडे कमीच म्हणायचे. "पण मामा, काहीजणांना तो रस्ता दहा-दहा वर्षं संपत नाही."

हर्शी हे गाव चॉकलेटचे. मिल्टन हर्शी नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कारखाना काढला आणि कारखान्याभोवती गाव वसवले. मुख्य रस्त्याचे नाव चॉकलेट ॲव्हेन्यू, आणि त्यावरचे दिवे चॉकलेटच्या गोळीच्या आकाराचे. अशा गोडगोड गावाच्या संघाचे नाव मात्र 'बेअर्स', म्हणजे अस्वले. १९३८ पासून हा संघ या लीगमध्ये आहे. आज तेथे असलेल्या संघांत सर्वांत जुना. २०२४ च्या जूनमध्ये त्याने आपला तेरावा काल्डर चषक जिंकला होता. दहा हजारांवर माणसे बसतील एवढी बंदिस्त रंगशाळा, आणि ती जवळजवळ भरलेली. आजोबा, नातवंडे, पोटाशी तान्ही मुले घेतलेल्या आया! आपल्याकडे गावच्या जत्रेला लोटावीत तशी माणसे लोटली होती.

खेळ सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटे मला काहीही दिसले नाही. खेळायचे ते चेंडूने नव्हे, तर तीन इंच व्यासाच्या, इंचभर जाड रबरी चकतीने. ती इतक्या वेगाने सरकते, की मी जिथे पाहावे तिथून ती नुकतीच गेलेली असे. मग माझ्या ध्यानात आले, की चकतीकडे न पाहता माणसांकडे पाहावे. गोलरक्षक धरून सहाजण बर्फावर असतात. बाकीचे कठड्याआड बाकावर. आणि पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळाले, की खेळ चालू असतानाच हे कठड्यावरून आत उडी मारतात आणि दुसरे बाहेर. त्या पाऊण मिनिटात काय दाखवायचे ते दाखवायचे. मला तर ते पाहूनच धाप लागली.

"तो बघ," भाचा एकाकडे बोट दाखवून म्हणाला, "तो गेल्या वर्षी चार वेळा वर जाऊन आला. आणि वर बघ, त्या काचेआड कोट घालून बसलेत ना, ते संघातलेच. धडधाकट आहेत. पण आज त्यांना उतरवलं नाही."

वर जाणे आणि खाली येणे म्हणजे काय, तेही त्याने समजावून सांगितले. वरच्या संघात कोणाचे हाड मोडले, कोणी आजारी पडला, की खाली टेलिफोन येतो. ज्याच्यासाठी येतो तो बॅग भरून निघतो. कधी दहा दिवस राहतो, कधी एकच रात्र, आणि कधी एकही सामना न खेळता परत येतो. तेव्हा कधी कधी तर बोलावणे आणि पाठवणी दोन्ही कागदोपत्रीच होत; माणूस जागचा हललेलाही नसे. पुष्कळांच्या करारात पगाराचे दोन आकडे असतात, एक वरचा आणि एक खालचा. २०२३-२४ च्या हंगामात वरचा किमान पगार वर्षाला सात लाख पंचाहत्तर हजार डॉलर होता. तो दिवसावर मोजतात, म्हणजे दिवसाला सुमारे चार हजार. खाली आले की तोच माणूस, तेच हात, तेच पाय, पण मोल अनेकदा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि थोडा जुना झालेला खेळाडू खाली पाठवायचा असेल, तर आधी त्याचे नाव बाकीच्या संघांपुढे चोवीस तास ठेवावे लागते. ज्याला हवा त्याने न्यावा. कोणी नेला नाही, तरच तो खाली येतो. हे चोवीस तास तो माणूस कसे काढत असेल, या विचारात माझा एक गोल पाहायचा राहून गेला.

खालची पायरी तरी कायमची म्हणावी, तर तेही नाही. ही लीग तरुणांना घडवण्यासाठी आहे. म्हणून गोलरक्षक सोडून जे अठराजण उतरतात, त्यांतले निदान तेराजण नवखे असलेच पाहिजेत, असा तिचा नियम. साधारणपणे दोनशे साठ सामने झाले की माणूस नवखा राहत नाही. हंगामात सामने असतात बहात्तर. म्हणजे साडेतीन-चार वर्षांत मुलगा 'जुना' होतो, आणि जुन्यांसाठी जागा पाच. वर दार उघडत नाही आणि मागून नवे लोक ढकलत आहेत, अशा उंबरठ्यावर ही विशी-पंचविशीतली मुले उभी असतात. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी लागोपाठ तीन सामने खेळायचे, आणि त्यांच्या मधल्या रात्री बसमध्ये काढायच्या.

माझ्या डाव्या हाताला एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मांडीवर लोकरीचे विणकाम, पण नजर बर्फावर. मी नवखा आहे हे ओळखून त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. लहानपणापासून त्या सामने पाहत आल्या होत्या. आधी जुन्या रंगशाळेत, मग या नव्या. मी विचारले, "तुमचे खेळाडू चांगले तयार झाले की वॉशिंग्टनवाले घेऊन जातात. वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते की! पण मुलगा वर गेला की आम्ही त्याचा पहिला सामना घरी दूरदर्शनवर पाहतो. केक करतो. आणि महिन्याने तो परत आला की त्याला इथे अधिक टाळ्या पडतात."

मला वाटले, हे तर मुलीचे माहेर. पाठवणी करतानाही डोळ्यांत पाणी, आणि परत आली तरी पाणी. फक्त इथे परत येणाऱ्याला कोणी 'का आलीस' असे विचारीत नाही.

या बाईंच्या तिकिटाला 'खालच्या पायरीचे तिकीट' म्हणण्याची छाती मला झाली नसती. त्यांच्या लेखी हाच सामना खरा होता. पुढे २०२५ च्या जानेवारीत भाच्याने मला एक चित्रफीत पाठवली. त्या गावची एक रीत आहे. वर्षातल्या एका ठरलेल्या सामन्यात आपल्या संघाचा पहिला गोल झाला, की प्रेक्षक बरोबर आणलेली कापडी अस्वले बर्फावर फेकतात. ती मग धर्मादाय संस्थांमार्फत मुलांना जातात. त्या दिवशी एक लाख दोन हजार तीनशे त्रेचाळीस खेळणी जमली. बर्फ दिसेनासा झाला होता. ज्या खेळाडूच्या गोलाने हा पाऊस पडला, त्याला त्या क्षणी वॉशिंग्टनची आठवण झाली असेल, असे मला वाटत नाही.

सामना संपला. हर्शी जिंकले की हरले, हे सांगण्याला आता महत्त्व नाही. परतताना अंधार पडला होता आणि मोटार भाचा चालवत होता. मी पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहिला. म्हटले, "हे बघ, गुण असून भागत नाही. आमच्या मुंबईचे पद्माकर शिवलकर. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत पाचशे एकोणनव्वद बळी. पण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. जागा एक. शिवलकरांना कसोटी सामना मिळाला नाही तो नाहीच."

"मग त्यांनी काय केलं?"

"काय करणार? मुंबईकडून खेळत राहिले. चाळिशी उलटली तरी."

"मग बरंच झालं की!" भाचा म्हणाला.

उदाहरण माझे, पण त्याने ते माझ्यावरच उलटवले. आणि मग त्याने मला जॉनी बोवरची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी घरी आल्यावर मुद्दाम वाचून पडताळून पाहिली, कारण गोलरक्षकांच्या गोष्टी कोळ्यांच्या माशांसारख्या वाढत जातात असा माझा संशय होता. तशी ती वाढलेली नव्हती.

बोवर १९२४ सालचा, कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्ट गावचा. १९४५ पासून तो खालच्या लीगमध्ये क्लीव्हलंडकडून खेळू लागला. तेव्हा वर संघ होते फक्त सहा, आणि संघाला गोलरक्षक एक. म्हणजे चौसष्टसुद्धा नव्हे, जागा सहा! आठ वर्षांनी, १९५३ साली, त्याला न्यूयॉर्कच्या संघाने वर घेतले. त्या हंगामातले सत्तरच्या सत्तर सामने तो खेळला, आणि चांगला खेळला. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याला मिळाली आणि बोवर पुन्हा खाली आला. एखादा माणूस इथे खचला असता. बोवरने खालच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान १९५६, १९५७ आणि १९५८ असा ओळीने तीनदा मिळवला. मग १९५८ मध्ये टोराँटोने त्याला बोलावले, तर तो जायला काही उतावीळ नव्हता; क्लीव्हलंडला त्याचे बरे चालले होते. तरी तो गेला. तेव्हा तो चौतिशीला टेकला होता. त्या काळी गोलरक्षक तोंडावर मुखवटा घालीत नसत. बोवरने तर जवळजवळ सारी कारकीर्द उघड्या तोंडाने काढली. टोराँटोला त्याच्या काळात चार वेळा स्टॅनली चषक मिळाला, १९६२, १९६३, १९६४ आणि १९६७. शेवटच्या वेळी तो बेचाळीस वर्षांचा होता.

"बोवर एखादाच," मी म्हणालो. मास्तराला शेवटचा शब्द आपलाच लागतो. "ज्यांना एकच सामना मिळाला असेही असतील."

"शेकडो आहेत," भाचा म्हणाला. "डॉन चेरी म्हणून होता, त्याला १९५५ साली एक सामना मिळाला. बाकी सगळी वर्षं खाली. पुढे तो त्याच बोस्टन संघाचा प्रशिक्षक झाला. आणि विली ओ'री माहीत आहे?"

मला माहीत नव्हता. ओ'री हा वरच्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १८ जानेवारी १९५८ रोजी तो बोस्टनकडून प्रथम उतरला. त्याच्या दोन वर्षे आधी चकती लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि ही गोष्ट त्याने लपवून ठेवली; कळली असती तर त्याला खेळू दिले नसते. रंगावरून शिव्या खाव्या लागत त्या वेगळ्याच. वर त्याला एकंदर पंचेचाळीस सामने मिळाले. मग तो खाली आला आणि लॉस एंजेलिस, सान डिएगो अशा ठिकाणी १९७९ पर्यंत खेळत राहिला, चाळिशी ओलांडल्यानंतरही, एका डोळ्याने. २०२२ साली बोस्टनने त्याचा बावीस क्रमांकाचा सदरा कायमचा मानाने टांगून ठेवला. पंचेचाळीस सामने त्या सदऱ्याचे; पण त्या सदऱ्यामागची वीस वर्षे खालच्या लीगमधली होती.

मी गप्प राहिलो. माझ्या मनात वेगळेच काहीतरी येत होते, आणि ते सांगावे की नाही हे ठरत नव्हते. अंधारात समोर बघून बोलणे सोपे जाते, म्हणून सांगितले.

एम.ए. झाल्यावर मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी प्राध्यापक आहे त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही. दोन कॉलेजांत मी शिकवीत असे; एक सकाळी, एक दुपारी, मध्ये एस.टी. दर वर्षी कोठेतरी कायमच्या जागेची जाहिरात निघे, मी मुलाखतीला जाई, आणि बाहेरच्या बाकावर ओळखीचेच सातआठ चेहरे दिसत. एकदा तर निवड झाल्याचे तोंडी कळले, घरी पेढे आले, आणि पंधरा दिवसांनी कळले की ती जागाच रद्द झाली. सहा वर्षांनी एकदाची नोकरी लागली. ते सगळे विसरलो. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ती सहा वर्षे मी जे शिकवले, ते मनाविरुद्ध नव्हे, पण मनाबाहेर शिकवले. मला वाटे, आपले खरे शिकवणे अजून सुरू व्हायचे आहे. हे आपले जागा मिळेपर्यंतचे. समोर बसलेल्या मुलांचे मात्र ते तसे नव्हते. त्यांचे बी.ए.चे वर्ष खरेच होते. कायम झाल्यावर एकदा त्या काळातला एक विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलेला तुकाराम अजून आठवतो." मी बरे म्हणालो. पण त्याला कोणता तुकाराम शिकवला, हे मला काही केल्या आठवेना.

"तेव्हा," मी भाच्याला म्हणालो, "तुझ्या आईने मला 'जाऊ नकोस' असं सांगायला पाठवलंय. मी तसं सांगत नाही. जा असंही सांगत नाही. एवढंच विचारतो, वरून टेलिफोन कधीच आला नाही, तर ही दोन वर्षं वाया गेली असं तुला वाटेल का? वाटणार असेल तर जाऊ नकोस."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मी इतका लांबचा विचारच केला नाही. मला माहीत आहे मी वर जाणार नाही. म्हणजे, नव्वद टक्के. पण सकाळी बर्फावर पहिला मी उतरतो ना, तेव्हा तो अगदी गुळगुळीत असतो. त्यावर एकही रेघ नसते. ती पहिली रेघ मी मारतो. मला ते आणखी दोन वर्षं पाहिजे."

यावर मराठीच्या प्राध्यापकाने काय बोलावे?

घरी पोहोचलो. बहीण जागी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि काय ते ओळखले. "तुला समजवायला पाठवलं होतं," ती म्हणाली, "आणि तूच समजून आलास!" दोन दिवस ती माझ्याशी मोजकेच बोलली. निघायच्या दिवशी मात्र विमानतळावर तिने हळूच विचारले, "दादा, ते लोक जेवायला काय देत असतील रे?" तेव्हा मी ओळखले, की मुलगा जाणार.

तो गेल्या ऑगस्टमध्ये गेला. करारात कॉलेजचा प्रवेश एक वर्ष राखून ठेवण्याची अट मेहुण्यांनी घातली आहे; दुसऱ्या वर्षाचा विचार दुसऱ्या वर्षी. हा करार बापलेकांमधला. हॉकीच्या कराराइतकाच तो कडक आहे असे ऐकतो. ज्या घरी तो राहतो त्या घरच्या बाई सकाळी पाच वाजता उठून त्याला अंडी करून देतात. बहिणीने यंदा त्यांच्यासाठी फराळाचा डबा करायला घेतला आहे. अनारसे प्रवासात मोडतील म्हणून ती चिंतेत आहे, आणि चकलीची कृती इंग्रजीत लिहून द्यायची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. 'मोहन' या शब्दापाशी मी अडलो आहे.

संघात तो दुसरा गोलरक्षक. म्हणजे बाकावर बसायचे, दार उघडायचे, दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायच्या. ही कामे मला चांगली माहीत आहेत. परवा रात्री त्याचा टेलिफोन आला. आवाज चढलेला.

"मामा, शनिवारी मला उतरवलं! शेवटची बारा मिनिटं."

"अरे वा! मग? गोल किती झाले?"

"दोन," तो म्हणाला. "पण अकरा अडवले."

मी अभिनंदन केले. तेराला दोन, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या हिशेबाने विशेष प्रावीण्य, असे सांगितले. तो हसला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "मामा, तुझा अगदी पहिला तास कसा गेला होता रे? तासिकेवरचा?"

मी आठवू लागलो. खोली कोणती होती, मुले किती होती, फळ्यावर काय लिहिले होते. अर्ध्या तासात मला पुष्कळ आठवले.